रविवारचं तेल

मनोहरभाऊ खोटं बोलत नाहीत, असं मी स्वतः लोकांना सांगत असे. कॉलेजातल्या कुणाची जीप धूर ओकू लागली, कुणाच्या दिराच्या ट्रॅक्टरचा पंप बसला, की मी पडोलीचा पत्ता देई आणि वर हे वाक्य फुकटात जोडून देई. मी भूगोल शिकवते. पत्ता कधी चुकला नाही. माणूस चुकला.

चंद्रपूरच्या बाहेर पडोलीला ट्रकच्या गॅरेजांची मोठी लाईन आहे, तिथे त्यांचं पंप-नोझलचं दुकान. डिझेल गाडीच्या इंजिनात डिझेल मोजून सोडणारा पंप बिघडला, की तो उतरवून त्यांच्याकडे आणायचा. दुकानात एक हिरवं, मोठं यंत्र होतं आणि त्याच्यावर काचेच्या नळ्या ओळीनं उभ्या. पंप यंत्रावर चढवून फिरवायचा आणि प्रत्येक नळीत सारखं डिझेल पडतं का ते बघायचं. कमीजास्त पडलं तर खोलायचं, घासायचं, पुन्हा चढवायचं. सगळ्या नळ्यांमधली पातळी एका रेषेत आली की मनोहरभाऊ हात पुसायचे आणि पंपाच्या मालकाला म्हणायचे, "घ्या जी. आता याच्या पोटात भेदभाव नाई."

त्या सगळ्या काळ्याकुट्ट लाईनीत पांढरा शर्ट घालणारा हा एकच माणूस. खिशात कंगवा, कानात अत्तराचा फाया, आणि शर्टावर डिझेलचा डाग कधी दिसला नाही. मला हे कोडंच होतं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "डाग पडते तो मेकॅनिक, मॅडम. मी डॉक्टर आहो." नम्रतेशी त्यांचं कधी पटलं नाही. नागपूर ते हैदराबाद आपल्या तोडीचा माणूस नाही असं ते स्वतःच सांगायचे आणि समोरच्यानं मान डोलावेपर्यंत पुढचं बोलायचे नाहीत. ज्या घरी जायचे त्या घरचा नमस्कार करायचे. आमच्या फाटकात आले की "जय भीम, मॅडम", शेजारच्या घरी "राम राम", आणि पलीकडे सिरोंच्याकडचं एक तेलुगू कुटुंब राहायला आलं तेव्हा आठवडाभरात "नमस्कारमु". मला तेव्हा याचं फार कौतुक होतं. समोरच्याला काय ऐकायला आवडतं ते ह्या माणसाला बरोबर कळतं, असं मी म्हणायचे, आणि त्यात काही वाईट आहे असं मला वाटलं नव्हतं.

त्यांच्यावर भरवसा बसला तो एका टिप्परवाल्यामुळे. कोळसा वाहणाऱ्या गाड्यांचा ठेकेदार, गळ्यात साखळी, बोलणं हिंदीत. त्याला पंपातून डिझेल जास्त सोडून हवं होतं, म्हणजे गाडी जास्तीचा माल ओढेल. मी दुकानातच बसले होते. मनोहरभाऊंनी पंप हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि परत त्याच्या मांडीवर ठेवला. "थेंब वाढवून मागू नका जी," ते म्हणाले. "धूर तुमी नाई खाणार. घुग्घुसच्या रस्त्यावरचे लेकरं खातील." ठेकेदार चिडला. लाईनीत दुसरी दुकानं आहेत, असं म्हणाला. मनोहरभाऊंनी त्याला दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवला, तो शब्दशः, बाहेर येऊन, हात करून. त्यात नाटक होतं हे मला तेव्हाही कळलं. पण पंप त्यांनी उघडला नाही हेही खरं.

मी दुकानात गेले होते ते राजूसाठी. राजू माझा धाकटा भाऊ. कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात तो यंत्रांची मापं सांभाळायच्या कामावर होता. गाड्यांचं वेड लहानपणापासून. नागपूरच्या एका हौशी माणसाकडून त्यानं एक जुनी जपानी गाडी उचलून आणली, दोन दारांची, बुटकी, लाल. वर्षभर मनासारखी चालवली. मग डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू झाला. आधी रात्रीचं दिसेना, मग कडेचं, मग समोरचंही. नोकरी सोडून तो माझ्याकडे राहायला आला, आणि गाडी चालवायची पाळी माझ्यावर आली. तो बाजूच्या सीटवर बसायचा. "साठच्या वर गेली तू, ताई," तो इंजिनच्या आवाजावरून सांगायचा. "गिअर बदल. आता मस्त." त्याला घराबाहेर काढणारी ती एकच गोष्ट उरली होती. गाडीत बसला की तो पहिल्यासारखा बोलायचा. उतरला की गप्प.

त्या गाडीचं इंजिन निराळं. नेहमीच्या इंजिनात दट्टे वरखाली होतात, ह्याच्यात तसलं काही नव्हतं. एक तिकोनी लोखंडी ठोकळा कवचात गरागरा फिरतो (अशी दोन कवचं शेजारी शेजारी), आणि त्याच्या तिन्ही टोकांना पातळ पट्ट्या असतात, त्या कवचाला घासत जातात. ह्या पट्ट्यांना सतत थेंब थेंब तेल लागतं. ते पेट्रोलबरोबर जळून जातं, म्हणून सारखं नवं द्यावं लागतं. तेल थांबलं की पट्ट्या झिजतात, कवच ओरबाडलं जातं, आणि मग इंजिन गेलंच म्हणायचं. दुसरं इंजिन ह्या दोन जिल्ह्यांत सोडाच, नागपुरातही मिळणार नव्हतं. तेल सोडणारा गाडीचा मूळ पंप जुना होऊन निकामी झाला होता. म्हणून राजू जुन्या मोपेडीत टाकायचे तसं टू-टी तेल मोजून पेट्रोलच्या टाकीत ओतायचा. डोळे गेल्यावर त्याला मोजता येईना, आणि मी एक नंबरची विसराळू. "ताई, एक दिवस तू विसरशील," तो म्हणायचा, "आणि मले कळेल तेव्हा उशीर झाला असेल." त्याला असा पंप बसवून हवा होता, की कुणाच्या लक्षात राहण्या-न राहण्याचा प्रश्नच उरू नये.

मनोहरभाऊंनी असलं इंजिन जन्मात पाहिलं नव्हतं, पण हे ते कबूल करतील तर ना! बॉनेट उघडून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "याले वाल्व कुठी ठेवले बाप्पा लपवून?" राजू हसला. आजार आल्यापासून तो मोठ्यानं हसल्याचं मला आठवत नव्हतं. त्यानं त्यांचा हात धरून इंजिनवर फिरवला आणि समजावून सांगितलं, हे इथून येतं, ते तिथे जातं. आंधळा माणूस डोळसाला इंजिन दाखवत होता, आणि तो डोळस, मोठा बढाईखोर माणूस, गुमान ऐकत होता. त्या दिवसापासून ते "राजूभाऊ" म्हणू लागले, आणि रविवार आमच्याकडे लागला.

काम बरेच रविवार चाललं. बेत असा होता: इंजिनाचं स्वतःचं काळं तेल घ्यायचं नाही, वेगळी टाकी बसवून तिच्यातलं ताजं तेल पंपाला द्यायचं, पंपापासून दोन बारीक नळ्या दोन्ही कवचांत न्यायच्या, आणि पंपाची तार एक्सिलेटरला जोडायची. जितका पाय दाबाल तितका थेंब. पहिली चाचणी त्यांनी दवाखान्यातल्या सलाईनच्या नळीनं केली. तेलाची बाटली बॉनेटच्या दांडीला टांगलेली, खाली थेंब पडताहेत, आणि बाजूला पांढऱ्या शर्टातले मनोहरभाऊ. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारत्या झाल्या, "कोण बिमार आहे वं?" मनोहरभाऊ गंभीरपणे म्हणाले, "गाडी. पण वाचते." पंप त्यांनी दुकानात नेऊन आपल्या हिरव्या यंत्रावर चढवला, लेथवाल्याकडून पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बसवायचा जोडठोकळा कातून घेतला आणि त्याच्या कडा स्वतः घासल्या. ह्या बाबतीत ते फार काटेकोर होते. त्यांच्या हातून निघालेल्या पत्र्यावर बोट फिरवा, कुठेही टोचायचं नाही. टाकी मात्र काचेचीच हवी असा त्यांचा हट्ट. यंत्रावरचीच एक जाड नळी त्यांनी आम्हाला दिली, वर रेघा आखलेली. "तेल दिसलं पाह्यजे, मॅडम. तुमी बॉनेट उघडाल, रेघ पाहाल, कमी झालं तर समजाल की गेलं पोटात. दिसत नाई त्याच्यावर भरवसा ठेवू नका, मनोहरवरही ठेवू नका."

गाडी सुरू करायच्या दिवशी लाईनीतले झाडून सगळे मेकॅनिक आमच्या गल्लीत जमले. मनोहरभाऊंनी नारळ फोडला, आधी एका बाजूला, मग फोटोला यावं म्हणून पुन्हा दुसऱ्या बाजूला. चावी राजूनं फिरवली. गाडी उठली, निळसर धूर निघाला, आणि काचेच्या नळीतलं तेल हलकेच खाली सरकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजूनं चाचपडत मनोहरभाऊंचा हात पकडला आणि म्हणाला, "भाऊ, आता मले कोनावर अवलंबून राहा लागत नाई." मनोहरभाऊ रडले. सगळ्यांच्या देखत, पांढरा रुमाल काढून. माझेही डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू?

त्यानंतरही ते दर रविवारी येत राहिले. तपासायला, म्हणायचे. पेट्रोल शनिवारीच भरत जा असं त्यांनी मला बजावलं होतं. भरल्या टाकीवर वजन बरोबर बसतं आणि पंप नीट तपासता येतो, असं काहीसं कारण होतं. मला ते पटलं, कारण मला कळलं नव्हतं. आले की राजूला गाडीत बसवून इंजिन सुरू करायला लावायचे, थोड्या वेळानं बंद करवायचे आणि "आता थंड होऊ द्या, इथीच बसा" म्हणून सांगायचे. मला चहाला आत पिटाळायचे. काळा चहा, आलं घालून, आणि उकळी फुटल्यावर बराच वेळ ठेवलेला, तसा नसेल तर प्यायचे नाहीत. चहा घेऊन मी बाहेर यायची तोवर काम आटोपलेलं असायचं. मी रेघ पाहायची. रेघ खाली गेलेली असायची. वरून नवं तेल मीच भरायची, आणि तेव्हा मला फार हुशार झाल्यासारखं वाटायचं.

एकदा आम्ही मुलचेऱ्याकडे निघालो. तिकडच्या बंगाली निर्वासितांच्या गावांपैकी एका गावात राजूचा कारखान्यातला जोडीदार राहतो, त्याच्या मुलीचं लग्न होतं. मनोहरभाऊ म्हणाले, मीबी येतो. मागची सीट म्हणजे नावाला सीट, तिथे पिशवीसुद्धा कुरकुरते. त्यात हे गुडघे छातीशी घेऊन बसले, शर्टाची इस्त्री सांभाळत, आणि चंद्रपूर सोडल्यापासून गाणी म्हणत आले. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो तर मला म्हणाले, "जा जी, राजूभाऊले घेऊन समोरची भजी खाऊन या. पेट्रोलाचं मी पाहतो." भजी गरम होती. राजू म्हणाला, "असा माणूस शोधून सापडनार नाई, ताई." मी हो म्हटलं आणि आणखी एक प्लेट मागवली.

पण हिवाळा लागला की मनोहरभाऊ आमचे नसत, पंपांचेही नसत. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर गावोगाव नाटकं होतात. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असो, मंडईची जत्रा असो, नाटकाशिवाय गावाला चैन पडत नाही, आणि वडश्याच्या नाटक कंपन्या रोज नव्या गावात मुक्काम टाकतात. मनोहरभाऊ मूळचे सिंदेवाहीकडचे, तरुणपणापासून नाटकात. आता वय झालं म्हणून बापाची कामं करायचे. दुकान पुतण्यावर टाकून महिना-महिना फिरायचे. जाण्याआधी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "मी येईपर्यंत गाडी काढू नका, मॅडम. थंडीत त्या पट्ट्या कडक होतात." पहिल्या हिवाळ्यात आम्ही ऐकलं. गाडी झाकून ठेवली. राजूनं तो हिवाळा खिडकीपाशी काढला.

दुसऱ्या हिवाळ्यात माझ्याच्यानं ते बघवेना. थंडी म्हणजे ती केवढी! चंद्रपुरात दुपारी पंखा लागतो. रेघ पाहिली, नळी काठोकाठ भरलेली. मी गाडी काढली. दर सुट्टीला आम्ही फिरायला जाऊ लागलो, मूलच्या रस्त्यानं, बल्लारपूरकडे, आणि राजू पुन्हा बोलू लागला. गाडी गरम असली की सुरू व्हायला त्रास देते, असं तो एकदोनदा म्हणाला. भाऊ आले की दाखवू, मी म्हटलं. मग त्याला हेमलकशाकडे शिकवणाऱ्या मित्राची आठवण आली, आणि आम्ही निघालो.

आष्टी ओलांडून जंगल लागलं, आणि राजू एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "थांबव." मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. मी बाजूला घेईपर्यंत गाडी स्वतःच थांबली. स्टार्टर फिरत होता, नुसता फिरत होता, हलका, मोकळा. राजूनं डॅशबोर्डवर हात ठेवला. "दाब गेला, ताई. पट्ट्या गेल्या." मी धावत उतरले, बॉनेट उघडलं. काचेच्या नळीत तेल काठोकाठ होतं. इतकं फिरलो होतो आम्ही, आणि तेल एक रेघ खाली गेलं नव्हतं. मी रोज पाहत होते ना! भरलेलं आहे म्हणून खूश होत होते. कमी का होत नाही, हा प्रश्न ह्या मास्तरणीला एकदाही पडला नाही.

एका बांबूच्या ट्रकनं आम्हाला आलापल्लीपर्यंत ओढत नेलं. तिथल्या मेकॅनिकनं इंजिनला हात लावायला नकारच दिला. फक्त पंप खोल, राजू म्हणाला. त्यानं पंप सोडवला, आणि पंप आणि जोडठोकळा यांच्यामधून एक पत्र्याचा तुकडा खाली पडला. तेलाच्या वाटेवर बरोब्बर बसणारा, खाली जाड कागदाचा थर लावलेला. वाट बंद करायलाच केलेला. मेकॅनिक म्हणाला, "हे कोनी बसवलं जी? मुद्दाम बसवलं आहे." राजूनं हात पुढे केला. मी तुकडा त्याच्या तळव्यावर ठेवला. त्यानं कडेवरून बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा उलट्या बाजूनं.

"कुठंच टोचत नाई," तो म्हणाला.

परतताना, गाडी मागे लादलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये तो एवढंच बोलला, की रविवारी गाडीत बसलेला असताना मागून पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा. "मले वाटे, पेट्रोल किती आहे ते पाहतात." मी चहा उकळत असायची तेव्हा.

आठवड्यानं मी त्यांचा मुक्काम शोधून काढला. वडश्याच्या पुढचं एक गाव, भर दुपार, धानाच्या कापल्या शेतात मंडप उभा राहत होता. शाळेच्या व्हरांड्यात नटमंडळी आडवी झाली होती. मनोहरभाऊ एका खाटेवर बसून दाढी करत होते, अर्धा गाल साबणाचा. मला पाहिलं आणि वस्तरा खाली ठेवला. जय भीम नाही, या बसा नाही.

"इंजिन गेलं का?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

"मी म्हटलं होतं ना जी, काढू नका म्हून."

"काऊन काढू नये ते सांगितलं होतं का?"

ते टॉवेलशी चाळा करत राहिले. मग बोलले, हळू, आजूबाजूचे झोपलेले जागे होऊ नयेत म्हणून. पंप पहिल्या महिन्यातच हवा ओढू लागला होता. थेंब तुटत होता. त्यांनी कितीदा खोलला, कितीदा यंत्रावर चढवला, जमलं नाही. "भेव वाटलं मले, पट्ट्या जातील म्हून. वाट बंद केली आन् नळीतलंच तेल काढून पेट्रोलात टाकत गेलो. जेवढं पाह्यजे तेवढंच, मॅडम. थेंब इकडचा तिकडं नाई. एक रविवार चुकलो नाई मी."

"मला एक वाक्य सांगायचं होतं, मनोहरभाऊ. पेट्रोलमध्ये तेल टाका. बस. मी टाकलं असतं."

"तुमी विसरल्या असत्या," ते म्हणाले.

मला संताप आला. हा माणूस दोन वर्षं माझ्या हातचा चहा पीत होता, आणि माझ्याबद्दल मनात हे ठरवून बसला होता. "आणि राजू? त्याला तरी सांगायचं."

"साऱ्या लायनीनं पाह्यलं होतं. नारळ फुटला होता." त्यांचा आवाज चिरका झाला. "आन् राजूभाऊनं हात धरून काय म्हटलं होतं, तुमी होत्या ना तिथी. कोनावर अवलंबून राहा लागत नाई म्हने. आता ते मी वापस घेऊ कसा?"

"तो तुमच्यावरच अवलंबून होता," मी म्हटलं. "दर रविवारी. फक्त ते त्याला कळू दिलं नाही तुम्ही."

त्यांनी मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मला ते खरं आहे का हेच कळेना. ह्याहून वाईट माझ्याशी कुणाला दुसरं काही करता आलं नसतं. मी म्हटलं, "इथे स्टेजवर करता त्यापेक्षा आमच्या अंगणात फार चांगलं काम केलंत तुम्ही." आणि निघाले. मागून कुणीतरी त्यांना मंडपात माइक तपासायला हाका मारत होतं.

घरी आल्यावर राजूनं विचारलं, भेटले का? मी नाही म्हणून सांगितलं. कंपनी पुढच्या गावाला गेली होती, म्हटलं. "येतील," तो म्हणाला. "सीझन संपला की येतील. काहीतरी कारन असल, ताई. भाऊ उगीच असं करनार नाईत. मीच विचारीन त्यांले." मला त्याचाही राग आला. फसवला गेला तो, आणि वकिली करत होता फसवणाऱ्याची. मी कारण सांगू शकले असते. पण "तुझी दया येत होती त्यांना" हे मी राजूला कुठल्या तोंडानं सांगणार होते? आणि ते स्वतः आले, तर पाचच मिनिटांत रुमाल काढून ते सांगून मोकळे होतील, हे मला माहीत होतं.

ते आले. उन्हाळा लागला होता, रविवार होता, सकाळची वेळ. राजू अंगणात झाकलेल्या गाडीला टेकून बसला होता. ओळखीच्या आवाजाची मोपेड फाटकाशी येऊन थांबली आणि तो ताडकन उभा राहिला. "मनोहरभाऊ! ताई, भाऊ आले बघ."

मी फाटकाशी गेले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. हातात हत्यारांची पिशवी. सीझनमध्ये जागरणं करून चेहरा उतरला होता. ते बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांच्याकडे पाहत मोठ्यानं म्हटलं, "मनोहरभाऊ नाहीत रे. पत्ता विचारून राह्यला कोणी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून राजूकडे. एक शब्द बोलले असते तर संपलं असतं, त्यांचा आवाज राजूनं बाजारातल्या गर्दीतही ओळखला असता. ओठ हललेही. पण आवाज काढला नाही. पिशवी मोपेडीच्या हँडलला अडकवली, किंचित मान झुकवली आणि मोपेड हातानंच वळवली. मग ती सुरू न करता, ढकलत, ते गल्लीतून चालत गेले. चढ आहे तिथे. कोपऱ्यावर जरा थांबले, श्वास घेतला, आणि तशीच ढकलत पलीकडे वळले.

राजू अजून उभाच होता, फाटकाच्या दिशेला तोंड करून.

"माझा कान चुकला का मंग?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि फाटकाची कडी लावली.